तोजींचं ‘आणखी काय?’

“आज सकाळी तुम्ही नात्तो खाल्लं का, असं विचारून राहिली ती,” सुजाता मेश्राम मला म्हणाली.

आम्ही एका लाकडी दारासमोर उभे होतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना छातीपर्यंत बर्फ साचला होता आणि दारात निळा एप्रन बांधलेली पस्तिशीची एक बाई उभी होती. चेहरा हसतमुख, पण वाट पक्की अडवलेली.

“नात्तो म्हणजे ते तार सुटलेले सोयाबीन?”

“हो जी. ते खाऊन आलेल्या माणसाला हे लोक आत घेत नाहीत. त्यातले जंतू साकेच्या भातावरल्या बुरशीचा सत्यानाश करतात. हिवाळाभर ह्या घरात कोणी तोंडाला लावत नाही.”

“सांगा तिला, माझ्या सात पिढ्यांत कोणी खाल्लेलं नाही.”

सुजाताने त्यातलं किती सांगितलं आणि किती गाळलं कोण जाणे. बाईने पुढचं विचारलं. अत्तर? सेंट? दाढीनंतरचं लोशन? नाही, नाही आणि नाही. ह्या बाबतीत मी कच्चा गडी नव्हतो. चव पारखणं हाच माझा धंदा. बाई कमरेत वाकली आणि बाजूला झाली. हिंगाचं तिने विचारलं नाही. तिला हिंग ठाऊक नव्हता आणि मी तो विसरलो होतो.

ह्या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी, विद्याधर नार्वेकर, तेव्हा मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात वाइनचा जाणकार म्हणून नोकरीला होतो. माझ्या कार्डावर ‘सोमेलिये’ असा फ्रेंच हुद्दा छापलेला होता. आई गावात सांगायची, “माझो झील हॉटेलात पाण्याच्या खात्यात आसा.” पण मी स्वतःला फार मोठा समजायचो. डोळे बांधून एक घोट दिला तर द्राक्षं डोंगराच्या कुठल्या अंगाला पिकली ते मी सांगायचो, आणि ते खरं की खोटं हे तपासणारं तेव्हा आपल्याकडे कोणी नव्हतं. वासरात लंगडी गाय शहाणी.

हॉटेलात नवं जपानी रेस्टॉरंट उघडायचं ठरलं. आमचे मेहरासाहेब हट्टाला पेटले की हिंदुस्थानात दुसऱ्या कोणाकडे नसेल अशी साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, आपल्याकडे हवी. शोधता शोधता नीगाता प्रांतातल्या डोंगरातलं हे किनोशितांचं घर सापडलं. नेहमीची साके ते गावात विकत. पण दर हिवाळ्यात एक लहानसं पिंप ते वेगळं करत. त्यातला आंबलेला भात यंत्रात दाबायचा नाही, कापडी पिशव्यांत भरून टांगायचा आणि आपोआप जे निथळेल तेवढंच घ्यायचं. यंदा त्याच्या जेमतेम तीन डझन बाटल्या भरणार होत्या. ती साके कोणाला द्यायची ते किनोशिता ठरवायचे, आणि तेही माणसाला समोर बसवून, चव घ्यायला लावून. लंडनचा एक माणूस आणि सिंगापूरचे दोघे हात हलवत परत गेले होते.

“छत्तीसच्या छत्तीस आण, नार्वेकर,” मेहरासाहेब म्हणाले होते. “आणल्यास तर त्या रेस्टॉरंटचं सगळं मद्य तुझ्या हाताखाली. नाहीतर दिल्लीचा पोरगा आहेच.”

दिल्लीचा पोरगा, तिथल्या आमच्या हॉटेलातला सोमेलिये, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान होता. मला त्या बाटल्या काहीही करून हव्या होत्या.

सुजाता मूळची नागपूरची. नीगाताच्या विद्यापीठात भाताच्या रोगांवर पीएचडी करत होती आणि दोन दिवसांसाठी माझी दुभाषी म्हणून आली होती. दारातली बाई म्हणजे किनोशितांची मुलगी मिसाकी. आणि आत गेल्यावर वाफेतून समोर आले ते खुद्द किनोशिता. बुटके, सत्तरी ओलांडलेले, पायात रबरी बूट आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. साके बनवणाऱ्या कारागिरांच्या मुख्याला तोजी म्हणतात. घरातली मुलगीसुद्धा त्यांना तोजीच म्हणत होती.

नमस्कार-चमत्कार चालू असतानाच मिसाकीचं नाक हललं. तिचे डोळे माझ्या कोटाकडे गेले, पुन्हा माझ्या तोंडाकडे आले, आणि ती जमिनीकडे बघू लागली.

“सर,” सुजाता दबक्या आवाजात म्हणाली, “तुमच्या कोटाला हिंगाचा वास येऊन राहिला. भयंकर.”

मी खिशात हात घातला आणि माझं तोंड उतरलं. निघताना आईने हिंगाष्टकाची पुडी बळेच खिशात कोंबली होती. “परक्या मुलखात जातंस, पोटाक जप.” दोन दिवस पोटाने दगा दिला होता तेव्हा तिचाच आधार वाटला होता. ती पुडी आता फुटून कोटाच्या अस्तरात सगळीकडे पसरली होती. चव घ्यायला आलेला माणूस हिंग पांघरून आला होता. गावात कळलं असतं तर जत्रेत माझं सोंग निघालं असतं.

मी कोट काढायची धडपड करू लागलो. तोजी स्वतः पुढे आले. त्यांनी मागून बाह्या धरल्या, कोट उतरवला, नीट घडी घातली आणि छातीशी धरून बोळाच्या पार टोकाच्या खुंटीला नेऊन अडकवला. त्यांच्या कपाळावर आठी नाही की मान वळवणं नाही. मी मनात म्हटलं, सभ्यपणा शिकावा तर ह्यांच्याकडून.

मग त्यांनी आम्हाला सगळं दाखवलं. आधी तांदूळ. एका परातीत तो ठेवला होता, आणि मला तो साबुदाणाच वाटला. गोल, दुधी, एकसारखा. शंभर भाग वजनातले पस्तीस भाग उरेपर्यंत प्रत्येक दाणा वरून घासायचा. तीन दिवस आणि तीन रात्री चक्की संथ चालते, कारण घाई केली तर दाणा तापतो आणि फुटतो.

“आणि पासष्ट भाग फुकट?” मी विचारलं. कोकणातल्या माणसाला हे बघवत नाही. आमच्याकडे कणीचीसुद्धा भाकरी होते.

“फुकट नाही. त्या पिठाच्या बिस्किटा करतात, गुरांना घालतात,” सुजाताने तोजींचं उत्तर सांगितलं. “पण साकेला फक्त मधला गाभा लागते. वरच्या भागात तेल अन् प्रथिनं असतात, त्यानं चव जड होते. हे तर मलेसुद्धा माहीत होतं जी.”

तो तांदूळ भिजवताना एक माणूस हातात घड्याळ घेऊन उभा होता. मिनिटं नव्हे, सेकंद मोजत होता. दहा सेकंद जास्त झाले तर दाणा पाणी जास्त पितो म्हणे. मग वाफवणं. वाफवलेल्या भाताची चिमूट तोजींनी उचलली, बोटांवर दाबून चपटी केली, ताणली, उजेडाकडे धरली आणि मान हलवली. पुढे आंबत ठेवलेल्या पिंपाला त्यांनी कान लावला. मलाही लावायला लावला. आत बारीक सरसर चालली होती.

“कालपर्यंत बोलत होतं, आज कुजबुजतंय, म्हणतात ते,” सुजाता म्हणाली.

मिसाकी मागून येत होती. तोजी बोटांनी बघायचे, कानांनी बघायचे, आणि प्रत्येक पिंपापाशी मिसाकी वाकून वास घ्यायची आणि हळूच एखादा शब्द बोलायची. बाप-लेकीची ती जोडी बघून मी खूश झालो. माझ्या आयुष्यात मी बरेच वाइनवाले पाहिले होते. टाय लावलेले, भाषणं ठोकणारे. कामावर इतकी माया असलेलं घर मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि तसं मी सुजाताला बोलूनही दाखवलं. तिने ते सांगितलं तेव्हा तोजी लाजले आणि डोक्यावरचा टॉवेल काढून पुन्हा बांधू लागले.

चव घेण्याची खोली थंडगार होती. मधोमध बसकं मेज, त्यावर पांढरा चिनीमातीचा पेला. त्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळं असतात. साके किती नितळ आहे ते त्या निळाईवर कळतं. शेजारी थुंकायचं भांडं. तोजी समोर गुडघे मोडून बसले आणि स्वतः ओतू लागले.

ह्या खेळात मी मुरलेला. पेला उजेडाकडे धरला, निळी वर्तुळं बघितली, वास घेतला, घोट जिभेवर फिरवला, ओठ मुडपून हवा आत ओढली आणि भांड्यात थुंकलो.

साके अप्रतिम होती. आत आली ती पाण्याच्या पावलांनी, क्षणभर काही नाहीच असं वाटलं. मग जिभेच्या मधोमध ती बसली, उलगडली, आणि घाई न करता निघून गेली. गोड म्हणावी तर तसा गोडवा नव्हता, आणि कडूही कुठे नव्हती. मागे काही उरलं नाही, फक्त आणखी एक घोट घ्यावा असं वाटत राहिलं. वीस वर्षांत इतकं स्वच्छ काही मी प्यायलो नव्हतो. पण माझं लक्ष साकेत कुठे होतं? ते छत्तीस बाटल्यांत होतं.

“नाशपती,” मी म्हणालो. “पिकलेलं खरबूज. पांढरी फुलं.”

सुजाताने सांगितलं. तोजींनी माझ्याकडे बघितलं आणि दोन शब्द बोलले.

“आणखी काय?” सुजाता म्हणाली.

“ओला दगड. नदीतला.”

तोजी थोडे पुढे झुकले. पुन्हा तेच दोन शब्द.

“आणखी काय?”

मी पुन्हा घोट घेतला, पुन्हा थुंकलो. “लिची. शेवटी किंचित पांढरी मिरी.” लिची मला लागली नव्हती. पांढरी मिरी तर मी एका फ्रेंच पुस्तकातून उचलून आणली होती. परीक्षेत उत्तर येत नसलं की पुरवण्या जोडत जावं, तसं माझं चाललं होतं.

“आणखी काय?”

तिसऱ्यांदा हे ऐकलं तेव्हा मला घाम फुटला. म्हातारा मला सोलतोय असं वाटलं. त्या तांदळासारखं, पस्तीस टक्क्यांवर येईपर्यंत. मी “समतोल” म्हणालो, “लांब रेंगाळणारा शेवट” म्हणालो, हातवारे केले. तोजी ऐकत राहिले. हळूहळू त्यांचे खांदे मागे गेले. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, वाकले आणि बराच वेळ बोलले.

सुजाताने खाली बघतच सांगितलं, “इतक्या दूरवरून आलात, त्याचे फार आभार मानून राहिले. यंदा जमणार नाही असं दिसते, म्हणतात.”

“का? विचारा त्यांना, माझं काय चुकलं?”

तिने विचारलं. तोजींनी घाईघाईने हात हलवला.

“काहीच चुकलं नाही. तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर असेल, म्हणतात.”

माझ्या तोंडाला अशी पानं पुसली गेली. मी उठलो तेव्हा पाय सुन्न झाले होते आणि कान तापले होते. डोळ्यांसमोर दिल्लीचा पोरगा दिसत होता. आम्ही दारापर्यंत आलो. तोजी बोळाच्या टोकाला जाऊन माझा कोट घेऊन आले, दुसऱ्या हातात तोच पेला भरून. निघताना पाहुण्याला एक घोट द्यायची त्यांची रीत असावी.

तिथे ते थांबले. डाव्या हातावर, अगदी छातीशी, माझा कोट होता. उजव्या हातातला पेला त्यांनी सवयीने नाकाशी नेला, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला, मान डोलावली आणि पेला माझ्या हातात दिला.

कोटाचा भपकारा असा येत होता की मिसाकीने तोंड फिरवलं होतं आणि सुजाता शिंकली. कोटाजवळ उभं राहून कोणाला साकेचा वास आला असता? देवालासुद्धा आला नसता. मी तोजींच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. हिंगही नव्हता आणि साकेही नव्हती.

मी कोट त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतला. “मॅडम,” मी मराठीतच म्हणालो, “ह्या माणसाला वासच येत नाही.”

“काय सांगून राहिले सर?”

“सकाळी हा कोट छातीशी धरून बोळभर चालले. आत्ता कोट हातावर असताना पेल्याचा वास घेतला. एवढ्या पिंपांचा वास घेतला कोणी? मुलीने. बाप नुसता कान लावून फिरतोय. नाक गेलंय ह्यांचं. आणि हे मला नापास करतात?”

सुजाताने एकदा तोजींकडे बघितलं, एकदा मिसाकीकडे. दोघं अदबीने उभे होते. आमचं काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं.

“सांगा त्यांना, मला कळलंय म्हणून,” मी म्हणालो. माझं डोकं फिरलं होतं, आणि पुढच्या वाक्याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. “आणि विचारा, ही गोष्ट चार लोकांत कळली तर ह्यांची साके कोण घेईल? त्यापेक्षा छत्तीस बाटल्या मला देऊन टाका म्हणावं.”

“मी नाही सांगत हे.”

“अहो, त्याचेच पैसे घेताय ना तुम्ही?”

“पैसे ठेवा तुमचे तुमच्याजवळ,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण नागपूर पुरतं जिभेवर आलं. “मी दुभाषी म्हणून आली आहे, कोणाची सुपारी नाही घेतली. सत्तर वर्षांचा म्हातारा माणूस तो. पोरीसमोर त्याची लाज काढून तुमाले काय भेटणार? अन् काहून?”

“मला सकाळपासून सोललं म्हणून! आणखी काय, आणखी काय, आणखी काय...”

मी बोलता बोलता थांबलो. सुजाताही माझ्याकडे बघत राहिली. मग ती अगदी हळू म्हणाली, “सर, त्यांना वास येतच नसेल, तर ते परीक्षा घेऊन नव्हते राहिले.”

“मग?”

“विचारून राहिले होते.”

मी तोजींकडे बघितलं. ते अजून माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत होते. मला फार शरम वाटली. सकाळपासून हा माणूस पुढे झुकून, गुडघ्यांवर हात ठेवून, स्वतःच्या हातच्या साकेची चव मला विचारत होता, आणि मी त्याला पुस्तकातली फळं मोजून देत होतो.

मी दार उघडलं आणि कोट बाहेर बर्फात भिरकावला. मिसाकी “आ” असं काहीतरी ओरडली. दार लावलं. कोट धरलेला हात पाण्याने धुतला. पेला ह्या सगळ्या तमाशात माझ्या मुठीतच होता. सकाळची साके बर्फासारखी गार होती, ही तळहाताच्या उबेने कोमट झाली होती. मी पेला वर नेला. ह्या वेळी उजेडाकडे धरला नाही, ओठ मुडपले नाहीत. नुसता वास घेतला.

तो वास मला ठाऊक होता. लहानपणापासून ठाऊक होता.

“मॅडम, मी सांगतो तसंच सांगा. सजवू नका.”

“मी काहून सजवू? सजवून तर तुम्हीच राहिले होते.”

“आमच्या गावात देवळात समाराधना असते,” मी सुरुवात केली. “शंभर-दीडशे माणसं जमिनीवर ओळीने बसतात. प्रत्येकापुढे केळीचं पान. पानावर पाणी शिंपडून ते हाताने पुसलेलं असतं. मोठ्या टोपातून वाफाळता भात वाढत येतात...”

“थांबा,” सुजाता म्हणाली. केळीच्या पानापाशी तिचं अडलं होतं. तोजींनी केळं खाल्लं होतं, पान कधी पाहिलं नव्हतं. तिने दोन्ही हात पसरून दाखवले. तोजींनी भुवया उंचावल्या आणि स्वतःचे हात तेवढेच पसरले. एवढं मोठं? मी मान हलवली.

“भात पानावर पडला की त्याच्याखालचं पान शिजतं. हिरवं असतं ते काळपट होतं. आणि त्यातून एक वास येतो. तो केळ्याचा नाही, नुसत्या पानाचाही नाही आणि भाताचाही नाही. तिघांचा मिळून. वरण अजून यायचं असतं. तूप यायचं असतं. सगळ्यांना वाढून होईपर्यंत हात लावायचा नसतो. मी सात-आठ वर्षांचा, पोटात कावळे ओरडतायत, आणि मी पानावर वाकून तो वास खात बसलोय. हा तो वास आहे. तोजींना सांगा, हा तोच आहे.”

सुजाता सांगू लागली. सकाळी ती दोन वाक्यांत उरकायची, आता सावकाश सांगत होती, अडखळत होती, हातांनी भात वाढून दाखवत होती. तोजी उभ्याउभ्याच पुढे झुकले. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, एकामागून एक.

“भात किती गरम?”

“बोटाला चटका बसेल इतका.”

“पान फक्त खाली, की वरूनही झाकतात?”

“फक्त खाली.”

“आधी भात कळतो की आधी पान?”

मी पुन्हा वास घेतला. “आधी भात. पान मागून येतं.”

“आणि प्यायल्यावर?”

मी घोट घेतला. ह्या वेळी थुंकलो नाही. गिळला आणि थांबलो. “पान निघून जातं. मग पेज राहते. मीठ न घातलेली, पातळ. तापातून उठलेल्या माणसाला देतात ती.”

सुजाताने माझ्याकडे बघितलं. “हे सांगू? एवढ्या भारी साकेला पेज म्हणू?”

“पेजच आहे. सांगा.”

तिने सांगितलं. तोजी एकदम सरळ झाले. जपानीत त्या पेजेला शब्द होता, आणि तो त्यांनी दोनदा उच्चारला. मग ते मिसाकीकडे वळून काहीतरी म्हणाले आणि तिथल्याच एका लाकडी खोक्यावर बसले. बसून ते आमच्याशी बोलू लागले, सकाळच्या अदबीच्या आवाजात नव्हे, घरातल्या आवाजात. सुजाता त्यांच्यामागून सांगत गेली.

“ते म्हणतात, त्यांच्या आईच्या हाताखाली बांबूच्या पानात चिकट भात गुंडाळून उकडायचे. गाठ सोडली की जो वास यायचा, तो हाच असेल. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना ताप आला होता. ताप गेला, सोबत वास घेऊन गेला. गावात कोणाला माहीत नाही. बोटांनी अन् कानांनी काम चालते, बाकी मिसाकी बघते. मिसाकीले विचारलं तर ती म्हणते, बाबा, साके छान झाली. पण ती पोरगी आहे न, बापाला बरं वाटेल तेच सांगणार. म्हणून ते पाहुण्यांना विचारतात. सगळे म्हणतात नाशपती, सगळे म्हणतात खरबूज.” ती थांबली. तोजी पुढे एकच वाक्य बोलले होते, आणि ते सांगताना तिला हसू आलं अन् डोळेही भरले. “ते म्हणतात, मी तर तांदूळच घातला होता.”

मीही हसलो. मग मला हसवेना. मिसाकी भिंतीला टेकून उभी होती आणि बापाकडे बघत होती. परक्या माणसांसमोर त्यांनी हे कधी बोलून दाखवलं असेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

“आणि ते स्वतः?” मी विचारलं. “नुसती जिभेला तरी चव कळत असेल ना? पितात की नाही?”

“दोन वर्षं नाही प्यायले. तोंडात घेतली की गरम पाणी नाहीतर थंड पाणी, एवढंच कळते. मन खट्टू होते, म्हणून बंद केली.”

तोजींनी माझ्या हाताकडे बोट दाखवलं. पेल्यात अजून थोडी साके होती. मी घाईने बाहीने काठ पुसू लागलो. उष्टा पेला कसा द्यायचा? पण त्यांनी तसाच घेतला. नाकाशी नेला नाही. डोळे मिटले आणि प्यायले. त्यांचा गळा हलला. मग त्यांनी डोळे न उघडताच हवेत डावा हात पसरला, एका मोठ्या पानाएवढा, आणि उजव्या हाताने त्यावर काहीतरी वाढल्यासारखं केलं. आधी भात. मागून पान.

मी छत्तीस बाटल्यांचं पुन्हा विचारणार नव्हतो. तेवढी लाज माझ्यात उरली होती. बाहेर जाऊन कोट उचलावा, झटकावा आणि निघावं असं मनात होतं. पण तोजीच उठले, एप्रनला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. काही बोलले. सुजाताने कान देऊन ऐकलं.

“काय म्हणाले?”

“छत्तीस नाही जमणार म्हणतात,” ती म्हणाली. “पस्तीस न्या.”

मला धड आनंदही करता येईना. “पस्तीस? मग एक कमी का?”

तिने विचारलं. तोजींनी उत्तर दिलं, पण माझ्याकडे बघून नव्हे, मिसाकीकडे बघून. सकाळपासून पाहुण्यांसमोर अदब सांभाळून असलेल्या त्या बाईने दोन्ही हातांनी एप्रन उचलला आणि त्यात तोंड लपवलं.

“एक त्यायले पायजे,” सुजाता म्हणाली. “प्यायसाठी.”